भूदास मुका नव्हता

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मध्ययुगीन युरोपातील सरंजामशाहीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. इतक्या दूरच्या आणि जुन्या विषयाला आपण पूर्ण पान दिलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. लेखासोबत एक त्रिकोणी चित्र होते. त्यात शिखरावर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली घोड्यावर बसलेले नाइट आणि अगदी तळाशी पाठीवर ओझे घेऊन वाकलेला भूदास, म्हणजे धन्याच्या जमिनीशी कायद्याने बांधलेला शेतकरी, दाखवला होता. शाळेत इतिहास शिकवताना हाच त्रिकोण मीही २९ वर्षे फळ्यावर काढला. निवृत्तीनंतर सवडीने वाचन सुरू झाल्यावर लक्षात आले की, त्या त्रिकोणाने विद्यार्थ्यांना व्यवस्थेचे नाव शिकवले, पण त्या व्यवस्थेत जगणारा माणूस कधीच दाखवला नाही. आपल्या लेखातही भूदासाबद्दल चारच वाक्ये आहेत आणि चारही वाक्यांत त्याला काहीतरी केले जाते. तो स्वतः काहीही करत नाही. माझा आक्षेप नेमका याच गोष्टीला आहे.

आधी त्रिकोणाच्या वरच्या भागाविषयी थोडे लिहितो. जमिनीच्या बदल्यात निष्ठा आणि लष्करी सेवा, हा व्यवहार खराच होता. आजच्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्स प्रांतात ११२७ साली तिथला सत्ताधीश काउंट चार्ल्स याचा चर्चमध्ये खून झाल्यानंतर नव्या काउंटपुढे सरदारांनी निष्ठा वाहिली, त्याचे वर्णन ब्रूज शहरातल्या गॅल्बर्ट नावाच्या एका कारकुनाने करून ठेवले आहे. ‘तू पूर्णपणे माझा माणूस होऊ इच्छितोस काय?’ असे काउंट विचारत असे, समोरचा ‘इच्छितो’ म्हणत असे, मग तो आपले जोडलेले हात काउंटच्या हातांत देई आणि दोघे एकमेकांचे चुंबन घेत. त्यानंतर संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथ होई. हा विधी दोन माणसांमधला होता. त्यातून देशभर एक नीटनेटकी उतरंड उभी राहिली, असे मात्र झाले नाही. शांपेनचा काउंट फ्रान्सच्या राजाखेरीज बर्गंडीच्या ड्यूकचा आणि काही आर्चबिशपांचाही अंकित होता. खुद्द इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री यानेही १२५९ च्या तहानंतर नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनी प्रांतासाठी फ्रान्सच्या नवव्या लुईपुढे निष्ठा वाहिली. एक राजा दुसऱ्या राजाचा अंकित, आणि एकच सरदार चार धन्यांचा माणूस, अशी स्थिती असेल तर त्रिकोणाच्या रेषा कुठे ओढायच्या? उत्तरेकडच्या फ्रीजलँडमध्ये तर शेतकऱ्यांवर असा धनीच नव्हता. ‘सरंजामशाही’ या अर्थाचा युरोपीय शब्दही त्या काळातला नाही, तो कित्येक शतकांनंतर कायदेपंडितांनी रूढ केला. १९७४ साली एलिझाबेथ ब्राउन या अमेरिकी इतिहासकार महिलेने तर हा शब्दच सोडून द्यावा, असे ठामपणे सुचवले होते. मी इतके टोक गाठणार नाही. शब्द सोयीचा आहे, तो राहू द्यावा; पण तो वापरताना हजार वर्षे आणि संपूर्ण खंड एकाच साच्यातून काढू नये.

आता खऱ्या विषयाकडे, म्हणजे गावाकडे येतो.

इंग्लंड किंवा उत्तर फ्रान्समधल्या मोठ्या भागात गावाची शेती तीन मोठ्या उघड्या शेतांत विभागलेली असे. एकात हिवाळी गहू किंवा राय, दुसऱ्यात वसंतात पेरलेले जव, ओट किंवा वाटाणे, आणि तिसरे पडीक. दर वर्षी हे चक्र एकेका शेताने पुढे सरकत असे. प्रत्येक कुटुंबाची जमीन एका ठिकाणी नसून तिन्ही शेतांत अरुंद लांब पट्ट्यांनी विखुरलेली असे, आणि धन्याचे पट्टेही पुष्कळदा त्यांच्यातच मिसळलेले असत. याचा अर्थ असा की कोणी कधी नांगरायचे, कधी कापायचे, कापणीनंतर गुरे कोणत्या दिवशी धसकटात सोडायची, हे एकट्याने ठरवणे शक्यच नव्हते. सगळ्या गावाने मिळून ते ठरवावे लागे. कागदोपत्री जमीन धन्याची असली, तरी शेतीचे दैनंदिन निर्णय त्या तळाच्या माणसांच्या बैठकीत होत. एक पेरले तर चार हाती येत, आणि त्यातले एक पुन्हा बियाण्यासाठी बाजूला ठेवावे लागे. इतक्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालणाऱ्या गावाला चुकीचा निर्णय परवडणारा नव्हता.

भूदासाचे जिणे हलके होते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. सुमारे ३० एकर धारण करणाऱ्या कुटुंबाला आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर वेठीला जावे लागे, आणि सुगीत, म्हणजे नेमके स्वतःचे पीक उभे असताना, त्याहून जास्त. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे भरायचे. घरचा कर्ता मेला की सर्वांत चांगले जनावर धन्याच्या गोठ्यात जायचे, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरचे चांगले जनावर चर्चला द्यावे लागे. ज्या घरातून नुकतेच प्रेत निघाले आहे, त्याच घरातून दुसऱ्या दिवशी बैलही निघतो, ही गोष्ट वर्गात सांगताना माझा आवाज दर वेळी अडखळत असे. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधल्या लाँ येथील बिशप अडाल्बेरो याने प्रार्थना करणारे, लढणारे आणि कष्ट करणारे अशी समाजाची प्रसिद्ध विभागणी मांडली. तिचा उल्लेख आपल्या लेखात आहे. पण त्याच बिशपने त्याच रचनेत भूदासांच्या अश्रूंना आणि उसाशांना अंत नाही, आणि धनी ज्याला पोसतो म्हणतो त्याच्याच जिवावर तो स्वतः पोसला जातो, असेही म्हटले आहे. हा भाग लेखात गाळला गेला, याची मला फार रुखरुख वाटते.

मात्र ही सगळी देणी ‘रिवाज’ या एका शब्दाने बांधलेली होती, आणि रिवाज दोन्ही बाजूंना बांधत असे. मॅनरच्या, म्हणजे धन्याच्या जहागिरीच्या, नोंदींत कामाचे दिवस मोजलेले असतात, आणि सुगीच्या जादा कामाच्या दिवशी धन्याने किती भाकरी, किती हेरिंग मासे आणि किती बिअर द्यायची, हेही लिहिलेले असते. मला सर्वांत आवडणारा रिवाज गवत कापणीचा आहे. काही मॅनरवर दिवसाचे काम संपले की कापणाऱ्याने आपल्या लांब दांड्याच्या विळ्यावर जेवढे गवत उचलता येईल तेवढे घरी न्यावे, असा हक्क होता. पण दांडा मोडला किंवा जमिनीला टेकला तर त्या दिवसाचे गवत गेले. संध्याकाळी दमलेला माणूस दोन्ही हातांनी तो दांडा तोलत हळूहळू भारा उचलतो आहे, शेजारी धन्याचा माणूस डोळे लावून उभा आहे आणि गावातले बाकीचे लोक श्वास रोखून पाहत आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावे. तो गडी निव्वळ ओझ्याखाली वाकलेला नाही. आपला हक्क कुठवर पोहोचतो, याचा अंदाज घेत तो उभा आहे.

गावाचा कारभारी, ज्याला रीव्ह म्हणत, तो सहसा भूदासांतूनच नेमला जाई आणि बऱ्याच ठिकाणी त्याला गावकरीच निवडत. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या मालकीचे कक्सहम हे गाव होते. तिथे रॉबर्ट ओल्डमन नावाचा भूदास १३११ पासून १३४९ पर्यंत रीव्ह होता. बियाणे, जनावरे, मजुरी, विक्री या साऱ्याचा हिशेब त्याने ३८ वर्षे वार्षिक तपासणीपुढे ठेवला, आणि १३४९ च्या प्लेगात त्याचा मृत्यू झाला. कायद्याने हा माणूस धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडू शकत नव्हता, आणि तरीही एका महाविद्यालयाचे अर्थकारण त्याच्या डोक्यावर उभे होते. आपल्या त्रिकोणात याला कुठे बसवणार?

लेखात भूदासाच्या घराचे वर्णन ‘घाणेरडी झोपडी’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले आहे. यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाचे ओस पडलेले गाव आहे. तिथे १९५० पासून ४० वर्षे उत्खनन चालले. काठ्यांच्या कुडाला माती लिंपलेल्या भिंती, गवताचे छप्पर, मधोमध चूल आणि धूर छपरातूनच झिरपून बाहेर, अशी भूदासांची पुष्कळ घरे होती, हे खरे आहे. पुष्कळ घरांत एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरे असत, हेही खरे आहे. पण व्हॅरमच्या घरांतल्या जमिनी वारंवार झाडल्यामुळे मध्यभागी खोलगट झालेल्या आढळल्या. ती खोलगट जमीन पिढ्यान्‌पिढ्या हातात झाडू धरलेल्या बायकांनी केली आहे. अशा गावांच्या उत्खननात कुलपे आणि किल्ल्याही सापडतात. चोरण्यासारखे काही ज्याच्याजवळ नाही, तो कुलूप घेत नाही. व्हॅरमच्या मुलांच्या हाडांच्या परीक्षणावरून असेही दिसते की तिथे मुलांना सुमारे दीड ते दोन वर्षे आईचे दूध मिळत असे. राय आणि जवाची भाकरी, वाटाणे-पावटे, कोबी आणि कांदा घालून शिजवलेले घट्ट कढण, घरची बिअर आणि जमेल तेव्हा खारवलेले डुकराचे मांस, हा रोजचा आहार असे. बिअर बहुधा बायकाच करत आणि विकत. ठरलेल्या भावाचा वा मापाचा नियम मोडल्याबद्दल त्यांना झालेल्या दंडांनी मॅनरच्या न्यायसभेची दप्तरे भरलेली आहेत. त्या दंडाच्या याद्यांमुळेच आज आपल्याला त्या बायकांची नावे ठाऊक आहेत.

साध्या माणसांचे बोलणे ऐकायचे असेल, तर फ्रान्सच्या दक्षिणेला पिरेनीज पर्वतातल्या माँतायू गावाकडे वळावे लागते. पामिएचा बिशप जाक फूर्निए याने १३१८ ते १३२५ या काळात पाखंडाच्या चौकशीसाठी तिथल्या शेतकऱ्यांचे आणि मेंढपाळांचे तपशीलवार जबाब घेतले. हाच माणूस पुढे १३३४ साली पोप झाला. ज्या चौकशीचा हेतू धाक घालण्याचा होता, तिच्या दप्तरातच त्या गावाचे आयुष्य टिकून राहिले, हे मनाला चटका लावणारे आहे. बायका उन्हात बसून एकमेकींच्या आणि आपल्या माणसांच्या डोक्यातल्या उवा काढताना काय बोलत होत्या, मेंढपाळ पिएर मोरी कोणत्या वाटांनी कळप नेत होता, मेल्यानंतर आत्मा कुठे जातो याविषयी कोणाला काय वाटत होते, हे सारे त्यात आहे. धर्मसत्तेने सांगितलेले निमूट मानणारी ही माणसे नव्हती. ती शंका घेत, वाद घालत, आणि त्याची जबर किंमत मोजत.

आपल्या लेखात एक विधान असे आहे की, नववधूवर पहिल्या रात्री धन्याचा कायदेशीर हक्क असे. हे विधान दुरुस्त होणे आवश्यक आहे. असा हक्क सर्वत्र लागू असल्याचा पुरावा नाही, आणि बहुसंख्य इतिहासकार ती नंतरच्या काळात पसरलेली दंतकथा मानतात. लग्नाच्या वेळी धन्याला द्यावा लागणारा पैसा मात्र खरा होता, तो मी वर सांगितलाच आहे. याचा अर्थ स्त्रियांवर जुलूम झाले नाहीत, असा कोणी घेऊ नये. स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या शेतकऱ्यांनी आपल्या धन्यांविरुद्ध केलेल्या तक्रारींत या अत्याचाराचाही समावेश होता, आणि राजा फर्डिनंडने १४८६ साली ग्वादालूपे येथे दिलेल्या निवाड्यात त्यावर स्पष्ट बंदी घातली. त्याच निवाड्याने तिथले सहा ‘वाईट रिवाज’ रद्द झाले, आणि त्याबदली दर शेतामागे ६० सू इतकी भरपाई शेतकऱ्यांनीच धन्याला द्यायची ठरली. हा निवाडा राजाने आपण होऊन दिलेला नव्हता. शेतकऱ्यांनी त्याआधी दोनदा शस्त्र उचलले होते.

आणि इथे मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स या गावावर तिथल्या मठाची सत्ता होती. धान्य मठाच्याच चक्कीवर दळले पाहिजे आणि दळणाचा वाटा मठाला दिला पाहिजे, असा मठाचा आग्रह होता. लोक मात्र घरोघरी आपली दगडी जाती ठेवत आणि त्यांवर दळत. मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा स्वतः एका लोहाराचा मुलगा होता आणि त्याने रचलेल्या खगोलीय घड्याळामुळे त्याचे नाव विज्ञानाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्याच रिचर्डने १३३१ च्या सुमारास लोकांची जाती जप्त केली आणि त्यांच्या तळ्या मठाच्या बैठकीच्या खोलीत फरशीसारख्या बसवून टाकल्या. मठात कामासाठी येणारा गावकरी आपल्याच घरच्या जात्यावर पाय देऊन आत जाई. असे ५० वर्षे चालले. दरम्यान १३४८ मध्ये प्लेग इंग्लंडमध्ये पोहोचला, माणसे मेली, उरलेल्यांच्या श्रमाला किंमत आली, आणि ती किंमत दाबण्यासाठी १३५१ च्या कायद्याने मजुरी प्लेगपूर्व पातळीवर गोठवली. १३८१ साली माणशी एक शिलिंगाच्या डोईपट्टीने लोकांचा संयम संपला. बंडखोरांनी राजाकडे भूदासत्व संपवून जमिनीचा खंड एकरी ४ पेन्स करावा, अशी मागणी केली. सेंट ऑल्बन्सचे लोक त्या जूनमध्ये मठात शिरले, त्यांनी खोलीतली जात्यांची ती दगडी फरशी उखडली, दगडांचे तुकडे केले आणि चर्चमध्ये रविवारी पवित्र भाकर वाटावी तसे ते आपसांत वाटून घेतले. ज्या पिढीने ती जाती हरवली, तिच्यातले फारच थोडे तेव्हा हयात असतील. तरीही कोणाचे काय कुठे पुरले आहे, हे सगळ्यांना पाठ होते. महिन्याभरात बंड मोडले गेले आणि त्यांचा म्होरक्या विल्यम ग्रिंडकॉब याला फाशी दिली गेली.

या लोकांना आपल्या लेखात ‘अज्ञानी जमाव’ म्हटले आहे, आणि त्यांनी मॅनरची दप्तरे जाळली याचा पुरावा म्हणून उल्लेख आहे. मला हे अन्यायाचे वाटते. कोणाकडे किती वेठ आणि कोण भूदास, हे त्या दप्तरांत लिहिले आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांनीच ती निवडून जाळली. त्याआधी चारच वर्षे, १३७७ साली, दक्षिण इंग्लंडमधल्या अनेक गावांनी वर्गणी काढून १०८६ च्या डूम्सडे नावाच्या जमीन-नोंदींचे अधिकृत उतारे मिळवले होते. आपले गाव पूर्वी राजाच्या खाशा मालकीचे होते, तेव्हा आपल्यावरची वेठ बेकायदा आहे, असे त्यांना त्यावरून सिद्ध करायचे होते. तो दावा टिकला नाही. पण इंग्लंड जिंकणाऱ्या राजा विल्यमने करवसुलीच्या सोयीसाठी केलेली नोंद जवळजवळ ३०० वर्षांनी शेतकरी आपल्या बाजूचा कागद म्हणून वापरू पाहतात, त्याला अज्ञान म्हणता येत नाही.

स्वातंत्र्याचा प्रश्न तेव्हाच्या काही लिहित्या माणसांनाही पडला होता. तेराव्या शतकात जर्मनीत सॅक्सन कायद्याचे संकलन करणाऱ्या आइके फॉन रेपगोने दास्याचे मूळ बळजबरी, बंदिवास आणि अन्याय यांत आहे, असे स्पष्ट लिहिले. इटलीत बोलोन्या शहराने १२५६-५७ मध्ये ५८५५ भूदासांची किंमत त्यांच्या धन्यांना चुकती करून त्यांना मोकळे केले. मोठ्यांसाठी १० लिरा, १४ वर्षांखालच्यांसाठी ८ लिरा. शहराला करदाते हवे होते, हेही त्यामागे होते. तरी त्या सर्व माणसांची नावे असलेली यादी आजही तिथे जतन करून ठेवलेली आहे.

माझी विनंती एवढीच आहे की, पहिल्या रात्रीच्या हक्काविषयीची आणि १३८१ च्या बंडखोरांविषयीची दुरुस्ती आपण पुढच्या पुरवणीत छापावी, आणि त्रिकोणाऐवजी एखाद्या गावाचा नकाशा द्यावा. इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये लॅक्स्टन हे गाव असे आहे की तिथे उघड्या शेतांची पद्धत आजही चालू आहे. तिथे दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस गावातले पंच पट्ट्यांच्या हद्दी पाहायला शेतात उतरतात आणि शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातलेल्याला दंड करतात. त्या गावाचा नकाशा छापला, तर शाळेतल्या मुलांना निदान कोणाचे शेत कुठे होते आणि चक्कीकडे जाणारी वाट कोणती, हे बोट ठेवून पाहता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक